जलसंजीवनीच्या नावाखाली साखरेचे पाणी

२०२५च्या मे महिन्यात माझ्या चार वर्षांच्या मुलाला जुलाब सुरू झाले, तेव्हा रात्री साडेनऊला मी औषधाच्या दुकानात धावत गेलो आणि ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचे साखर-क्षारांचे द्रावण, मागितले. दुकानदाराने संत्र्याचे चित्र असलेला पेयाचा खोका पुढे केला. त्याच्या नावातच ती अक्षरे ठळक छापलेली होती, म्हणून मी एक सोडून चार खोके घेतले. मुलाने ते आवडीने प्यायले आणि रात्रभर जुलाब वाढतच गेले. सकाळी डॉक्टरांनी मला खोक्यावरची बारीक अक्षरे वाचायला लावली. दोनशे मिलिलिटरमध्ये वीस ग्रॅमांहून अधिक साखर होती, आणि हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नव्हे, अशी कबुलीही एका कोपऱ्यात दिलेली होती.

त्या संघटनेच्या सूत्रानुसार लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट. हे प्रमाण कुणाच्या चवीसाठी ठरलेले नाही. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात जाते. साखर बेसुमार झाली, की ती उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते. म्हणजे मी आजारी मुलाला चमच्याचमच्याने आजारच पाजत होतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने (कॉलऱ्याने) माणसे मरत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी साधे साखर-मीठ-पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. ज्या तीन अक्षरांमागे एवढी पुण्याई आहे, ती फळांच्या चवीच्या सरबतावर छापताना कुणाचा हात कसा थरथरला नाही?

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांना याविरुद्ध आठ वर्षे झगडावे लागले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२च्या एप्रिलमध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, हे खरे ओआरएस नव्हे असा खुलासा छापण्याच्या अटीवर ती सैल केली. पुरती बंदी यायला १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या तीन वर्षांत किती घरांत ते खोके फुटले असतील, याचा विचार आला तरी माझा संताप आवरत नाही.

‘ग्राहकाने लेबल वाचावे’ हा सल्ला तर मला आता कुणी देऊच नये. तापलेले, मलूल लेकरू घरी ठेवून आलेला बाप मुंगीएवढी अक्षरे वाचत उभा राहत नाही, हे त्या खोक्याची रचना करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून तर नाव मोठे आणि खुलासा बारीक होता, म्हणून तर तो माल किराण्यात न ठेवता औषधांच्या फळीवर, खऱ्या ओआरएसच्या पुड्यांना खेटून मांडला जात होता. वीस-बावीस रुपयांच्या त्या पुडीत लिटरभर द्रावण होते, पण तिच्यावर ना संत्रे असते ना हसरे मूल.

परवा पुन्हा त्याच दुकानात गेलो होतो. खोके त्याच फळीवर आहेत, तोच रंग, तेच संत्रे. नावाची अक्षरे तेवढी बदलली आहेत. माझ्यासमोर एका आजींनी नातवासाठी ‘जुलाबावरचे पाणी’ मागितले आणि दुकानदाराचा हात सवयीने तिकडेच गेला. मी मध्ये पडून त्यांना पुडी घ्यायला लावली.