‘व्हिडिओवरच्या गप्पां’बद्दल

आमची इंजिनिअरिंगची पोरं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबरोबर व्हिडिओ कॉलवर एकत्र काम करतात, त्याबद्दल मागचा लेख होता. त्यावर ‘जुना मेकॅनिकलवाला’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे: “अंबडच्या कारखान्यात व्हर्नियर धड धरता न येणाऱ्या पोरांना अमेरिकेतल्या पोरांशी व्हिडिओवर गप्पा मारायला लावून काय साधणार? रात्री थांबायचं आपण, काम ओढायचं आपण, आणि मार्क कुठेच धरत नाहीत. वेळेचा फरकही चुकलाय.”

चुकलाय, मान्य. मी सरसकट साडेनऊ तास लिहिलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं मागे जातात आणि न्यूयॉर्कशी फरक साडेदहा तासांचा होतो. आमची पोरं त्या आठवड्यात साडेसातलाच लॅपटॉपसमोर जाऊन बसली, तासभर शेंगदाणे खात. लेख दुरुस्त केला आहे. आभार.

पण ‘गप्पा’? साहेब, मुद्दा नाही पटला तर नाही पटला. हा शब्द कशाला? आणि ‘पोरं’ मी म्हटलं तर चालतं, मी रोज त्यांच्यात असतो.

व्हर्नियरचं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या त्या साधनाचं म्हणाल, तर माझे वडील नाशिकच्या सातपूरला लेथवर होते. मी डिप्लोमा करून पहिली नोकरी धरली ती शॉप फ्लोअरवरच, त्यामुळे कारखाना मला दाखवू नका. तिथे एकदा अमेरिकेहून ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. वस्तूचे समोरून, वरून, बाजूने दिसणारे व्ह्यू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. कॉलेजात पहिल्या वर्षापासून फर्स्ट अँगल घोटलेला, म्हणजे टॉप व्ह्यू (वरून दिसणारा) समोरच्या व्ह्यूच्या खाली. तिकडचं ड्रॉइंग थर्ड अँगलचं, टॉप व्ह्यू वर, आणि बाजूचे व्ह्यूही उलट बाजूंना. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत, छाटलेल्या शंकूचं चिन्ह असतं, त्यावरून पद्धत कोणती ते कळतं. नखाएवढं चिन्ह. कुणी पाहिलं नाही, मीही नाही. डाव्या हाताचे ब्रॅकेट हवे होते, उजव्या हाताचे निघाले. अख्खा लॉट भंगारात. व्हर्नियर सगळ्यांनी उत्तम धरला होता हो! मापं शंभर टक्के बरोबर होती.

आता तुमच्या ‘गप्पा’ ऐका. यंदा आमच्या गटातल्या सिन्नरच्या मुलीने तिकडून आलेली शीट उघडली आणि विचारलं, “सर, ह्यांचा टॉप व्ह्यू वर का?” मी काही बोललो नाही. तिने तिकडच्या मुलाला विचारलं. त्याला फर्स्ट अँगल नावाचं काही असतं हेच माहीत नव्हतं. दोघं चाळीस मिनिटं एकमेकांना व्ह्यू उलगडून दाखवत होते. ती इंग्रजी अडखळत बोलत होती, म्हणून मध्ये कागदाची घडी घालून ब्रॅकेटच करून कॅमेऱ्यासमोर धरला. मला हे शिकायला एक लॉट भंगारात घालवावा लागला.

आणि हे कालचं फॅड नाही. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठात दोन देशांतल्या विद्यार्थ्यांनी असं ऑनलाइन एकत्र शिकावं यासाठीचं ‘कॉइल’ नावाचं केंद्र २००६ पासून आहे. तेव्हा तुम्ही काय करत होता ते मी विचारत नाही.

मार्क, कामाची वाटणी वगैरे होतं सुरळीत, प्रत्येक गोष्टीला पहिल्या दिवशी मार्क लागत नाहीत. पुढे.

टोपणनावाआडून बोलण्यापेक्षा एखाद्या गुरुवारी गंगापूर रोडला या. साडेआठला सुरू होतं. हो, साडेआठ, तुम्हीच दुरुस्त केलंत. येताना व्हर्नियर आणा.