‘एचसीआय घ्या, बॅकअप विसरा’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सातपूर, अंबड, सिन्नर, कुठलाही ग्रुप उघडा, कुणीतरी ‘आपल्या माहितीसाठी’ म्हणून तो टाकलेलाच असतो. मजकूर थोडक्यात असा: हायपर-कन्व्हर्ज्ड इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे एचसीआय, घेतलं की डेटा आपोआप तीन ठिकाणी राहतो, त्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज नाही. सर्व्हर जळाला तरी पाच मिनिटांत सगळं परत चालू. आयटीचा माणूस लागत नाही. धंदा वाढेल तसा एकेक नोड जोडत जायचं. आणि सॅन स्टोरेज लागत नसल्यामुळे खर्च निम्मा. शेवटी हात जोडलेले इमोजी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पूर्वी सर्व्हर वेगळे आणि डिस्कांनी भरलेली सॅनची पेटी वेगळी असायची. एचसीआयमध्ये ती पेटी जाते. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात डिस्क असतात आणि सॉफ्टवेअर त्या सगळ्या मिळून एकच साठा असल्यासारखं दाखवतं. यातला एकेक सर्व्हर म्हणजे नोड, आणि सगळे नोड मिळून क्लस्टर. व्हीएमवेअरचं व्हीसॅन २०१४ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये हेच दिलं, न्युटॅनिक्स त्याही आधीपासून यात आहे, आणि लायसन्सचे पैसे न मोजता हवं असेल तर प्रॉक्समॉक्स या फुकट सॉफ्टवेअरवर सेफ (Ceph) नावाचं स्टोरेज चालवता येतं. तंत्र चांगलं आहे, मी स्वतः बसवतो. भांडण मेसेजशी आहे.

सगळ्यात घातक वाक्य बॅकअपचं, म्हणून आधी तेच घेतो. डेटा दोन किंवा तीन ठिकाणी राहतो हे खरं, पण सगळीकडे राहतो तो आत्ताचा डेटा. अंबडच्या एका युनिटमध्ये अकाउंट्सच्या नव्या मुलाने टॅलीत रिस्टोर करताना फेब्रुवारीचा बॅकअप मार्चच्या चालू कंपनीवर चढवला. क्लस्टरने इमानेइतबारे तो फेब्रुवारी सगळ्या कॉप्यांमध्ये लिहून टाकला. डॅशबोर्डवर सगळं हिरवं, नोड ठणठणीत, आणि मार्चची बिलं गायब. शेठ फोनवर विचारत होते, ‘अहो, तीन कॉप्या आहेत ना?’ होत्या की, तिन्ही फेब्रुवारीच्या. निभावलं ते तिथल्या जुन्या अकाउंटंट बाईंमुळे. सिस्टीमवर विश्वास नाही म्हणून त्या दर शनिवारी पेनड्राइव्हवर कॉपी घेऊन घरी जायच्या. मधल्या एन्ट्र्या पुन्हा मारल्या आणि काम भागलं.

यावर विक्रेता म्हणतो, ‘स्नॅपशॉट आहेत की!’ स्नॅपशॉट म्हणजे ठरावीक वेळी डेटा जसा होता तसा गोठवून ठेवलेली अवस्था. आहेत, आणि अशा चुकीसाठी ते उत्तम आहेत. त्या युनिटमध्ये ते चालू केलेलेच नव्हते, ही गोष्ट वेगळी. पण स्नॅपशॉट त्याच क्लस्टरमध्ये, त्याच डिस्कांवर आणि त्याच ॲडमिन पासवर्डखाली असतात. रॅन्समवेअरवाला आत शिरला की आधी स्नॅपशॉट उडवतो, मग डेटाला कुलूप लावतो. हे लोक आता थेट व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सर्व्हरच्या पोटात चालणारे अनेक आभासी सर्व्हर, चालवणाऱ्या थरावरच हात घालतात. २०२३ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआय-आर्ग्स नावाच्या हल्ल्यात जगभरातल्या व्हीएमवेअर सर्व्हरांवरच्या व्हर्च्युअल मशीनच्या फाइल एन्क्रिप्ट झाल्या, म्हणजे त्यांना कुलूप लागलं, आणि ज्या भोकातून तो शिरला असं मानलं जातं ते बुजवणारा पॅच दोन वर्षं आधीच निघालेला होता. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर गेले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला. तिथला ई-हॉस्पिटलचा डेटा परत आणता आला तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. म्हणजे हा मेसेज जी वस्तू नको म्हणतोय, नेमकी तीच कामाला आली.

आणि जागेचं काय? तिन्ही नोड एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर, एकाच छताखाली. दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली, सुरुवात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांपासून. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल जिथे राहायच्या त्या जी-ड्राइव्हचा ८५८ टेराबाइट डेटा जळाला, आणि बाहेर कॉपीच नव्हती. इतकं लांब जायचं नसेल तर नाशिकचा २०१९ च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर आठवा. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता आणि सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. तिथल्या एखाद्या पेढीच्या तळमजल्यावर तीन नोडचं क्लस्टर असतं तर तिन्ही नोड एकदमच भिजले असते.

शिवाय कायदा आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत २०२२ च्या ऑगस्टमध्ये बदल झाला. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवत असाल तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असायला हवा. आधी तिथे ‘ठरावीक काळाने’ असं होतं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ‘आमच्याकडे एचसीआय आहे, बॅकअप लागत नाही’ हे वाक्य एकदा तुमच्या सीएंसमोर म्हणून बघाच.

आता पाच मिनिटांचं. एक नोड बंद पडला की त्यावरची व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या नोडवर काही मिनिटांत उठतात, हे अगदी खरं आणि एचसीआयचा मोठा फायदाही. पण ते नोड पडल्यावर. डेटा बिघडला तर ती पाच मिनिटं लागू होत नाहीत. तिथे चांगली कॉपी शोधा, ती उतरवा, तपासा, असं काम असतं आणि त्याला तासच्या तास जातात. दुसरं असं की तीन नोडच्या व्हीसॅनमध्ये नेहमीच्या मांडणीत डेटाच्या दोन कॉप्या दोन नोडवर आणि तिसऱ्यावर फक्त साक्षीदार असतो, म्हणजे कुठली कॉपी खरी धरायची ते ठरवायला मदत करणारी छोटी नोंद, डेटा नव्हे. एक नोड गेला की काम चालू राहतं, मात्र हरवलेली कॉपी पुन्हा बनवायला चौथा नोडच नसतो. पार्ट येईपर्यंत तुम्ही एका कॉपीवर धंदा करत असता. पॅच मारायला मुद्दाम एक नोड खाली घेतला तरी तेच. म्हणून सपोर्टच्या करारात ‘चार तासांत पार्ट’ वाचलं की खुश होऊ नका. ती हमी आपल्या कारखान्याच्या पिनकोडला लागू आहे का, ते लेखी घ्या. सातपूरला मिळणारी सेवा दिंडोरीला किंवा गोंद्याला मिळेलच असं नाही.

आयटीचा माणूस नको, यावर फार लिहीत नाही. रोजचं काम सोपं होतं, मान्य. पण इथे प्रत्येक लिखाण दुसऱ्या नोडवर पोचल्याशिवाय पूर्ण होत नाही, म्हणजे तुमचा नेटवर्क स्विच आता स्टोरेजचाच भाग झाला. टेबलाखाली धूळ आणि ऑइल खात पडलेल्या एक गिगाबिटच्या स्विचवर हे चालवायचं नसतं. किमान दहा गिगाबिटचे दोन स्विच लागतात. मेसेजमध्ये स्विचचा उल्लेखच नाही, कोटेशनमध्ये बहुधा शेवटच्या पानावर असतो.

एकेक नोड जोडण्याची सोय खरी आहे, पण गरज बहुतेक वेळा फक्त जागेची असते. ड्रॉइंगच्या फाइल वाढल्या, सीसीटीव्हीचं फुटेज वाढलं, की डिस्क हवी असते. नोड घेतला की त्यासोबत प्रोसेसर येतो, रॅम येते आणि कोअरवर मोजलं जाणारं लायसन्सही येतं. ही अडचण कंपन्यांनीही ओळखली आहे, म्हणून २०२३ मध्ये व्हीएमवेअरने फक्त स्टोरेजसाठी वेगळं क्लस्टर असलेलं व्हीसॅन मॅक्स आणलं. जे एकत्र केलं तेच पुन्हा वेगळं! त्याच वर्षी सिस्कोने हायपरफ्लेक्स हे आपलं एचसीआय गुंडाळायला घेतलं. मशीन शॉपमधला माणूस लेथ घेताना पंधरा वर्षांचा विचार करतो, तसा इथे करता येत नाही.

राहिला निम्मा खर्च. एक हिशेब मांडू. तीन नोड, प्रत्येकात ३.८४ टेराबाइटच्या चार डिस्क, म्हणजे कागदावर ४६ टेराबाइट. दोन कॉप्या ठेवल्या की उरले २३. सेफमध्ये नेहमीप्रमाणे तीन कॉप्या ठेवल्या तर साधारण १५, आणि ८५ टक्के भरलं की ते इशारे द्यायला लागतं. पैसे ४६ चे दिले, मिळाले २३ किंवा १५. सॅनची पेटी वाचली हे खरं, पण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरवर हे करायचं तर प्रत्येक सर्व्हरला महागडी डेटासेंटर एडिशन लागते, स्टँडर्डवर भागत नाही. व्हीएमवेअरचं म्हणाल तर २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि डिसेंबरात कायमची लायसन्स विकणं थांबवलं. आता वर्गणी भरत राहायची.

मग घ्यायचं कुणी? ज्या हॉस्पिटलात वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन आहेत आणि रात्री दोनलाही सिस्टीम लागते, ज्या पतसंस्थेच्या शाखा दिवसभर मुख्य कार्यालयावर अवलंबून आहेत, किंवा ज्यांचं जुनं सॅन संपत आलंय आणि सर्व्हरही बदलायचेच आहेत, त्यांनी जरूर घ्यावं. मात्र टॅली, एक ईआरपी, ड्रॉइंगची फाइल आणि चाळीस माणसं एवढाच पसारा असेल तर दोन साधे सर्व्हर पुरतात. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या विंडोजच्या हायपर-व्हीमध्येच रेप्लिकाची, म्हणजे जुळ्या कॉपीची, सोय आहे, दुसऱ्या सर्व्हरवर दर ३० सेकंदांनी, ५ किंवा १५ मिनिटांनी बदल जात राहतात. रेप्लिका म्हणजेही बॅकअप नव्हे, हे वर आलंच. म्हणून एक नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी), ॲडमिनलाही ठरलेल्या मुदतीआधी पुसता येणार नाही अशी एक कॉपी, आणि एक कॉपी गावाबाहेर. हा खर्च एचसीआय घेणाऱ्यालाही चुकत नाही.

डेमोला जाल तेव्हा विक्रेता हमखास एक नोड खेचून दाखवेल. बघा, टाळ्या वाजवा. मग त्याला सांगा: गेल्या मंगळवारचा ईआरपीचा डेटाबेस या क्लस्टरला हात न लावता दुसऱ्या साध्या मशीनवर उभा करून दाखव, घड्याळ मी लावतो. ‘त्याचं पॅकेज वेगळं आहे, शेठ’ असं उत्तर आलं तर त्या पॅकेजची किंमत त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.