महासत्ता सुधारायची आहे? आधी दारू बंद करा

समजा, उद्या तुमच्या गळ्यात एखादी महासत्ता पडली. असे प्रसंग रोज येत नाहीत, पण ११ मार्च १९८५ रोजी सोव्हिएत संघाच्या मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्यावर आला. त्याआधीच्या अडीच वर्षांच्या आत ब्रेझनेव्ह, आंद्रोपॉव्ह आणि चेर्नेन्को असे तीन नेते ओळीने गेले होते. गोर्बाचेव्ह मात्र ५४ वर्षांचे, जिने चढू शकणारे आणि कागदात न बघता बोलणारे. सोव्हिएत संघाला एवढी तब्येत सोसणारी नव्हती. तुम्हीही धडधाकट असाल तर काहीतरी सुधारावंसं वाटेलच. सुधारा. फक्त क्रम चुकवू नका.

सुरुवात दारूपासून करा. लोक वोडका फार पितात हे खरंच होतं, म्हणून मे १९८५ मध्ये मोहीम निघाली. दुकानांच्या वेळा कापल्या, क्रिमियापासून मोल्दाव्हियापर्यंत द्राक्षमळे उपटले. वोडकाच्या करावर तिजोरीचा मोठा भार होता, तो आटला. पिणारे थांबले नाहीत, घरीच गाळू लागले. गाळायला साखर लागते, तेव्हा दुकानातली साखर संपली आणि तिच्यावर रेशन आलं. ज्या आजीबाईंनी जन्मात थेंब घेतला नव्हता त्यांच्याही चहातली साखर गेली. पिणारे आणि न पिणारे एकाच निर्णयात नाराज करण्याचं भाग्य फार थोड्या राज्यकर्त्यांना लाभतं. पक्षप्रमुख म्हणून गोर्बाचेव्ह ‘जनरल सेक्रेटरी’ होते, लोकांनी त्याचं ‘मिनरल (वॉटर) सेक्रेटरी’ करून टाकलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या काळात पुरुषांचं आयुर्मान वाढलं होतं. पण वाचलेल्या माणसाने सरकारचे आभार मानल्याचं कुणी ऐकलंय? त्यातच १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. तो दोष तुमचा नाही, पण वोडका आणि तेल एकाच वर्षी आटवून दाखवायला नशीबही लागतं.

भावांना मात्र हात लावू नका. १९६२ साली मांस-लोण्याचे भाव वाढवले तेव्हा नोव्होचेर्कास्कचे कामगार रस्त्यावर आले आणि सरकारने गोळ्या झाडल्या. क्रेमलिनने त्यावरून एवढंच शिकून घेतलं की भाव वाढवायचे नसतात. मग पाव इतका स्वस्त राहिला की खेड्यांत डुकरांना पाव चारू लागले, आणि धान्य अमेरिका-कॅनडाकडून परकीय चलन मोजून यायचं. आमच्या पिढीने सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरं घातली. त्यावरच्या फोटोत गव्हाचे ढीग असायचे. ते कुणाच्या शेतातले, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. स्वस्त वस्तूंचा एकच दोष, त्या दुकानात नसत. म्हणून सोव्हिएत माणूस खिशात जाळीची पिशवी घेऊन हिंडायचा. तिचं नावच ‘अवोस्का’, म्हणजे ‘मिळालंच काही, तर’ची पिशवी.

हे असंच ठेवून १९८८ पासून कारखान्यांना मोकळीक द्या. पगार त्यांनी वाढवावेत, भाव मात्र वरूनच ठरावेत. व्यवस्थापक कोण निवडणार? कामगार. मग निवडून आलेला माणूस पगार वाढवणार नाही तर काय करणार? रुबल वाढले, माल होता तेवढाच. जुलै १९८९ मध्ये सायबेरियातल्या कुझबासचे खाणकामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत साबण होता. कामगारांच्या सत्तर वर्षांच्या राज्यात कोळशाने माखून वर आलेल्या कामगाराला साबणासाठी संप करावा लागला. यावर मला विनोद सुचत नाही.

जास्तीचे रुबल कसे कमी करायचे? २२ जानेवारी १९९१ च्या रात्री टीव्हीवर सांगून. ५० आणि १०० रुबलच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद, बदलायला तीन दिवस, माणशी मर्यादा हजाराची. (मराठी वाचकाला पुढचं वर्णन लागत नाही.) पंतप्रधान पावलोव्ह यांनी नंतर पाश्चात्त्य बँकांच्या कटाची हकिगतही सांगितली. आणि २ एप्रिलला, लोकांची पुंजी कातरून झाल्यावर, तीस वर्षं टाळलेली भाववाढ केली. औषध तेच, फक्त रोगी रिकाम्या पोटी असताना दिलं.

पोट रिकामं असताना तोंड उघडायची परवानगी देणं, हे यातलं खरं कसब. चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ रोजी फुटली. स्वीडनच्या उपकरणांनी किरणोत्सर्ग पकडल्यावर २८ तारखेच्या रात्री टीव्हीवर मोजक्या वाक्यांची बातमी आली, आणि कीव्हमध्ये १ मेची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. अशी लाज वाटल्यावर माणूस एकदम खरं बोलायला लागतो. ग्लासनोस्तमध्ये, म्हणजे गोर्बाचेव्ह यांच्या खुलेपणाच्या धोरणात, इतकं खरं बाहेर आलं की १९८८ मध्ये शाळांची इतिहासाची परीक्षाच रद्द केली, कारण पाठ्यपुस्तकातलं उत्तर लिहिणाऱ्याला गुण द्यायचे कसे?

इतिहास उकरला की करारही निघतात. बाल्टिक देश ज्यामुळे सोव्हिएत संघाच्या घशात गेले त्या स्टालिन-हिटलर कराराला ५० वर्षं झाली त्या दिवशी, २३ ऑगस्ट १९८९ ला, एस्टोनियातल्या ताल्लिनपासून लिथुआनियातल्या व्हिल्नियसपर्यंत लाखो माणसं हातात हात धरून उभी राहिली. संघातून बाहेर पडायचा हक्क राज्यघटनेत होताच. कुणी वापरणार नाही या भरवशावर लिहिलेला. तुमच्या घटनेत असली उदार कलमं असतील तर एकदा वाचून ठेवा, दुसरेही वाचतात. आणि बळ वापरायचंच, तर व्हिल्नियससारखं वापरा. जानेवारी १९९१ मध्ये टीव्ही मनोऱ्यापाशी १४ माणसं गेली. भीती बसायला ती पुरली नाहीत, आणि विसर पडायला फार होती.

राहिलं बंड. त्यासाठी बाहेरचे लोक शोधू नका. १९ ऑगस्ट १९९१ ला उठलेले उपाध्यक्ष, पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि केजीबीप्रमुख सगळे गोर्बाचेव्ह यांनीच नेमलेले होते. टीव्हीवर ‘स्वान लेक’ बॅले लागला, पत्रकारांपुढे उपाध्यक्ष यानायेव्ह यांचे हात थरथरले, तीन दिवसांत खेळ आटोपला. डिसेंबरच्या ८ तारखेला रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्राव्हचुक आणि बेलारूसचे शुश्केविच या तिघा नेत्यांनी बेलारूसच्या जंगलातल्या विश्रामगृहात संघ मोडीत काढला. ते अमेरिकेच्या अध्यक्षांना आधी कळलं, स्वतःच्या अध्यक्षांना नंतर.

२५ डिसेंबरला राजीनाम्याच्या कागदावर सही करायची तर गोर्बाचेव्ह यांचं पेन चालेना. समोर चित्रीकरणाला आलेल्या अमेरिकी सीएनएनच्या प्रमुखांनी खिशातलं काढून दिलं.