व्हॅन डाइकला खुशमस्कऱ्या म्हणण्याआधी

सतराव्या शतकातला, आजच्या बेल्जियममधला चित्रकार अँथनी व्हॅन डाइक याच्याबद्दल एक मजकूर सध्या फार फिरतोय : 'रुबेन्सचा हा चेला इंग्लंडच्या राजाच्या पैशाला भुलला, अमीर-उमरावांची खुशामत करत बसला, चित्रंही मदतनिसांकडून रंगवून घेतली आणि मोठ्या कलेला रामराम ठोकला.' एवढ्या मोठ्या चित्रकाराला एका वाक्यात निकालात काढलेलं बघून राहवत नाही.

रुबेन्स या त्याच मुलखातल्या नामवंत चित्रकाराकडे त्याने काम केलं, हे खरं. पण त्याचं शिक्षण झालं हेंड्रिक व्हॅन बालेनकडे, आणि १६१८ मध्ये, एकोणीस पूर्ण व्हायच्या आतच, अँटवर्पच्या चित्रकार संघाने त्याला स्वतंत्र चित्रकार म्हणून दाखल करून घेतलं होतं. पुढे सहा वर्षं इटलीत, त्यातली बरीच जिनोआच्या धनाढ्य घराण्यांची चित्रं करण्यात गेली. १६३२ मध्ये तो लंडनला गेला तो नाव कमावूनच.

पैशाचं म्हणाल, तर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स त्याला 'सर' किताब देतो, वर्षाला २०० पौंड ठरवतो, ब्लॅकफ्रायर्सला थेम्सकाठी घर देतो. हे सगळे सांगतात. व्हॅन डाइकने राजाला दिलेलं १६३८ चं बिल मात्र कोणी काढत नाही. त्यात पाच वर्षांचं मानधन थकलेलं दिसतं. शिकारीला निघालेल्या राजाचं जे चित्र आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, त्याचे व्हॅन डाइकने २०० पौंड लावले होते. राजाने ते काटून १०० केलेत. इतर आकड्यांवरही अशीच कात्री.

आता खुशामत. तो रूप खुलवायचा, यात वादच नाही. राणी हेन्रिएटा मारियाला प्रत्यक्ष पाहिल्यावर तिची भाची सोफी चकितच झाली होती : चित्रातली सुंदरी समोर मात्र ठेंगणी, हडकुळ्या हातांची, पुढे आलेल्या दातांची. पण ससेक्सची काउंटेस स्वतःच्या चित्राबद्दल नेमकी उलटी तक्रार करते. चेहरा केवढा मोठा, केवढा फुगलेला, मला मुळीच आवडला नाही, असं ती पत्रात लिहिते आणि पुढे मान्य करते की चित्र हुबेहूब आहे! शिवाय चार्ल्सचं तीन बाजूंचं चित्र घ्या. डावीकडून, समोरून आणि तिरकं, अशी तीन तोंडं एकाच कॅनव्हासवर. ते रोमला धाडायचं होतं, म्हणजे तिथला शिल्पकार बर्निनी याला राजा न बघता संगमरवरी अर्धपुतळा घडवता यावा. नाकाची, गालाची ठेवण खोटी असती तर त्या चित्राचा शिल्पकाराला काय उपयोग?

मदतनीस कपडे रंगवायचे. रुबेन्सकडेही तेच चालायचं, तेव्हाची रीतच होती. चेहरा व्हॅन डाइक स्वतः करायचा, तासातासाच्या बैठकांत. कपडे रंगवून झाले की त्यांवर शेवटचा हातही त्याचाच फिरायचा.

राहिला मोठ्या कलेचा, म्हणजे व्यक्तिचित्रांपलीकडच्या भव्य कामांचा मुद्दा, आणि इथे तो मजकूर साफ चुकतो. लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातल्या बँक्वेटिंग हाउस या दालनासाठी गार्टर सरदारांच्या (इंग्लंडच्या राजाच्या मानाच्या सरदारमंडळाच्या) मिरवणुकीचे भव्य भिंतपडदे करायची त्याची इच्छा होती; रेखाटन झालं, काम पुढे सरकलंच नाही. १६४१ मध्ये लूव्हरच्या, तेव्हाच्या राजवाड्याच्या, मोठ्या दालनाची सजावट मिळेल या आशेने त्याने पॅरिस गाठलं. ते काम फ्रेंच चित्रकार पूसँला मिळालं.