पंख्याचे आभार

स्वतःला आहे तसं स्वीकारायचं, असं मी एका सोमवारी ठरवलं. रविवारीच ठरवणार होते, पण तो दिवस स्वतःला नावं ठेवण्यात गेला.

निमित्त होतं एका ग्रुप सेल्फीचं. अकरा जणी. असा फोटो आला की आपण आधी स्वतःला शोधतो, सापडलो की दोन बोटांनी मोठं करतो आणि मग हाय खातो. बाकीच्या दहा जणी जीभ बाहेर काढून उभ्या असत्या तरी मला कळलं नसतं. मोबाईल माझ्याच हातात असल्याने कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ मीच होते, त्यामुळे फोटोत प्रामुख्याने माझं नाक होतं. नाकाच्या मागे थोडी मी होते.

मैत्रिणीला म्हटलं, "डिलीट कर गं तो फोटो."

"तुलाही दिसली ना माझी हनुवटी?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

मला तिची हनुवटी दिसलीच नव्हती, आणि तिला माझं नाक. "अगं, काही नाही, छान आलीयेस" असं दोघींनी एकमेकींना चार-चार वेळा सांगितलं आणि दोघींचाही विश्वास बसला नाही.

त्या रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसले. २०१८ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी चक्क नाकाचं गणित मांडलं होतं. ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. वाचून इतकं हलकं वाटलं! म्हणजे त्या फोटोतलं बरंचसं नाक माझं नव्हतंच. उरलेल्याची जबाबदारी घ्यायला मी तयार होते.

पण त्याच वाचनात १९७७ सालचा एक प्रयोग निघाला. तरुण मुलींना त्यांच्या चेहऱ्याच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशात दिसते तशी उलटी. मुलींचा कल आरशातल्या चेहऱ्याकडे, त्यांच्या मैत्रिणींचा सरळ चेहऱ्याकडे. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं, एवढंच. मला मात्र वेगळाच घोर लागला. भांग उजवीकडे, तीळ डावीकडे अशी जी मी मला पाठ आहे, तिला माझ्याशिवाय कुणी पाहिलेलंच नाही. मग इतकी वर्षं मी आवरून कुणाला घेऊन बाहेर पडत होते?

असो. सोमवार उजाडला. स्वीकाराचा पहिला धडा एका व्हिडिओत मिळाला होता: आरशासमोर उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "मी जशी आहे तशी छान आहे." आमच्याकडे धड उजेडाचा आरसा फक्त बाथरूममध्ये आहे. दार लावलं. पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा भुवईतला एक केस भलतीकडे उभा दिसला. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत चिमटा हातात होता. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हटलं.

"कुणाशी बोलतेस गं?" बाहेरून आई.

"स्वतःशी."

"मग दोघी लवकर आटपा. मला कपडे भिजवायचेत."

नंतर कळलं की कॅनडात २००९ साली याचीही तपासणी होऊन गेलीय. स्वतःबद्दल आधीच फारसं बरं मत नसलेल्यांना 'मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे' असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. ज्यांना मुळात बरं वाटत होतं त्यांना किंचित फायदा झाला. म्हणजे हे औषध निरोगी माणसांनीच घ्यायचं.

मग कृतज्ञतेकडे वळले. रोज झोपण्यापूर्वी तीन गोष्टींचे आभार लिहायचे. नवी वही घेतली, जाड मार्करने वर नाव घातलं, खाली रेघ मारली. पहिल्या रात्री आई, बाबा आणि आरोग्य. दुसऱ्या रात्री नोकरी, मैत्रिणी, डोक्यावरचं छप्पर. तिसऱ्या रात्री छपराकडे बघत पडले होते, तर पंखा दिसला. पंख्याचे आभार मानले. चौथ्या रात्री पंख्याच्या रेग्युलेटरचे. खजिना एवढ्यात आटेल असं वाटलं नव्हतं. मग पानं भरायला लागले. 'आज लिफ्ट चालू होती.' 'मीटिंग रद्द झाली.' एका रात्री तर 'तिचंही वजन वाढलंय' असं लिहून गेले. ते खोडलं, पण मार्करने लिहिल्यामुळे मागच्या पानावरूनही वाचता येत होतं.

नाकाबद्दल काहीतरी चांगलं लिहिणं मी रोज पुढे ढकलत होते. अठराव्या दिवशी लिहिलं: 'नाक – प्रयत्न सुरू आहेत.'

एकविसाव्या दिवशी कामावरून आले तर वही आईच्या मांडीवर. आईने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, तिच्या हाती वही लागली की लाल पेन आपोआप येतं.

"ही वही कशाची आहे?" तिने अगदी शांतपणे विचारलं. हा स्वर मी शाळेपासून ओळखते.

"आभाराची. वर लिहिलंय ना."

"वाच."

वाचलं. एकवीस दिवस उशाशी घेऊन झोपत होते त्या वहीवर, माझ्याच टपोऱ्या अक्षरात, 'माझी कृतघ्नता' असं लिहिलेलं होतं.

"ज्ञ आणि घ्न," आई म्हणाली. "एका अक्षराने माणूस उपकार स्मरणाऱ्याचा उपकार विसरणारा होतो. आणि आत वाचल्यावर वाटलं, नाव बरोबरच आहे. मी पहिल्या दिवशी एकदा. नंतर एकदम अकराव्या दिवशी, तेही वॉशिंग मशीनसोबत. पंखा चार वेळा."

"अगं, रोज रोज तेच कसं लिहिणार?"

"मी रोज रोज तेच करते."

यावर काय बोलणार? मी शास्त्राचा आधार घेतला. म्हटलं, लोकांना सहा आठवडे असे आभार मोजायला लावले होते. आठवड्यातून एकदा मोजणाऱ्यांना बरं वाटलं, तीनदा मोजणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही. रोज लिहिणं हीच चूक झाली. "मग आठवड्यातून एकदा लिही," आई म्हणाली, "पण शुद्ध लिही." आणि वही माझ्या हातात देऊन उठली.

रात्री पानं चाळली. सगळीकडे लाल खुणा. 'आरोग्य'पुढे प्रश्नचिन्ह आणि 'रात्री एकपर्यंत मोबाईल?' खोडलेल्या ओळीपुढे 'लाज'. नाकाच्या ओळीखाली मात्र रेघ मारून नीट लिहिलं होतं: 'हे नाक माझ्या आईचं आहे. तिने ते त्र्याऐंशी वर्षं वर ठेवून वापरलं. प्रयत्न थांबवणे.'

शेवटच्या पानावर सही आणि दहापैकी साडेचार. स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "वरचा अर्धा मार्क कशाचा?"

"अक्षराचा," ती मागे न वळता म्हणाली. "ते घरात दुसऱ्या कुणाचंच असं नाही."

झोपताना वही उघडली. मुखपृष्ठावरचा घ्न तसाच राहू दिला, मार्कर होता, खोडून आणखी घाण झालं असतं. आत एकच ओळ लिहिली: 'अर्धा मार्क.' वर पंखा फिरत होता. त्याच्याकडे बघितलं नाही.