बातमी वऱ्हाडीत काहून नाही?

रविवारी सकाळी नागपुरातल्या गोकुळपेठ मार्केटजवळच्या ठेल्यावर आम्ही चार-पाच जण जमतो. आधी तर्री-पोहे, मग चहा, आणि चहासोबत पेपर. ठेल्यावर एक मराठी आणि एक हिंदी पेपर येतो. त्यांची पानं सुटी होऊन हातोहात फिरतात, निधन वार्तेचं पान सगळ्यात आधी. ठेलेवाला भाऊ मूळचा नरखेडकडचा, गावचं शेत धाकटा भाऊ पाहतो. याचा रेडिओ मात्र उजाडल्यापासून एफएमवर, आणि तिथं दिवसभर हिंदी. परवाचा वाद त्या रेडिओवरूनच पेटला.

सर म्हणाले, "अरे, जरा बंद कर ते. एवढं मराठी शहर, आणि सकाळी उठल्यापासून कानावर हिंदीच?" सर मराठीचे निवृत्त शिक्षक. आमच्यातल्या वकिलाला आणि मला त्यांनीच शिकवलं आहे, त्यामुळे अजूनही त्यांच्यासमोर आम्ही जरा सांभाळूनच बोलतो.

वकील सांभाळून बोलला नाही. "सर, नागपूर एकट्या मराठीचं कधी होतं? १९५६ पर्यंत आपण हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतो. जबलपूर-रायपूरचा माणूस काम घेऊन इथं यायचा. हिंदी इथली घरचीच आहे, पाहुणी नाही."

आमच्यातला एक जण हिंदी दैनिकात उपसंपादक आहे. घरी मराठी, नोकरी हिंदीत. तो लगेच सप्रे काढतो, आणि मला ते दर वेळी ऐकायला आवडतं. पंडित माधवराव सप्रे मराठी माणूस. टिळकांचा 'केसरी' हिंदी मुलखाला कळावा म्हणून त्यांनी १९०७ साली नागपुरातून 'हिंदी केसरी' काढला. दुसऱ्याच वर्षी राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना अटक झाली. पुढं दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं ते त्यांनीच. "अन् मुक्तिबोध?" उपसंपादक म्हणाला. "गजानन माधव हिंदीचे एवढे मोठे कवी, पन्नासच्या दशकात इथंच आकाशवाणीच्या बातम्या करून राहिले होते, 'नया खून' साप्ताहिकात लिहून राहिले होते. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता करून राहिले होते. एकाच घरात दोन्ही भाषा, सर. कोणी कोणाला बंद कर म्हटलं नाही."

सरांना हे सगळं माहीत आहे. त्यांचा मुद्दा निराळा होता. तेव्हा दोन्ही भाषा एकाच वजनानं बोलत होत्या, असं ते म्हणाले. १९११ पासून इंग्रजीत 'हितवाद', १९१४ पासून गोपाळराव ओगल्यांचा 'महाराष्ट्र', १९४४ पासून माडखोलकरांचा 'तरुण भारत'. माडखोलकर १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. नागपूरचा संपादक सगळ्या महाराष्ट्राशी बोलत होता. "आणि आता," सर रेडिओकडे बोट दाखवून म्हणाले, "मराठी राहिली कागदावर, आणि कागद वाचणारे राहिले आमच्यासारखे."

हे बोलणं मला लागलं, कारण ते खरं आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये सरकारनं घरोघरी पेपर टाकायला काही दिवस मनाई केली होती. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा ज्यांचा पेपर बंद झाला, त्यातले कितीतरी परत सुरू झालेच नाहीत. सवय मोडली ती मोडलीच. मराठी पेपर अजून ज्यांच्या दारात पडतो, त्या घरात बहुतेक कोणी तरी साठीच्या पुढचं आहे.

रेडिओचं मात्र वकिलानं बरोबर पकडलं. कान आजच हिंदी झालेला नाही. १९४८ मध्ये इथं आकाशवाणीचं केंद्र निघालं, तिथून मराठी बातम्या आल्या, शेतीचे कार्यक्रम आले. पण गाण्यांसाठी लोक आधी रेडिओ सिलोन लावत होते आणि १९५७ पासून विविध भारती. मराठीत बातमी आणि हिंदीत गाणं, अशी वाटणी आपल्या घरात तेव्हापासूनचीच. नवीन झालं ते एवढंच, की खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे शहराचा कान ज्यांच्या ताब्यात गेला, त्यांच्याकडे गाणी, गप्पा आणि जाहिराती. बातमीची मराठी त्या कानातून आपोआपच बाहेर पडली.

इतका वेळ वकिलाचा भाचा गप्प होता. इंजिनिअरिंगला आहे, मामासोबत पोह्यांसाठी येतो. तो म्हणाला, "सर, राग नका मानू, पण मले पेपरची मराठी आपली वाटतच नाही. आरजे 'क्या बे' म्हणते, थे आपल्या चौकातलं वाटते. पेपरात 'मले' कोण लिहिते? त्याहिनं नागपूरची हिंदी उचलली. तुमच्या पेपरनं नागपूरची मराठी उचलली का?"

कोणी काही बोललं नाही. मग त्यानं आणखी पुढचं विचारलं. "शाळेत मी 'मले' म्हटलं का बाई 'मला' म्हण म्हणत. तुम्ही पण तसंच सांगत असाल ना?"

सर सांगतच होते. माझ्या वहीवर लाल शाईनं कितीदा तरी 'मला' लिहून आलेलं आहे.

सरांनी उत्तर दिलं ते जोरकसच होतं. गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत एक पेपर समजायचा असेल तर एक प्रमाण भाषा लागते. वऱ्हाडीत छापायचं म्हणता, तर भंडाऱ्याच्या झाडीबोलीवाल्यानं काय करायचं? नोटीस, निकाल, कायदा यांत शब्दाचा एकच अर्थ निघाला पाहिजे. वकिलानं यावर मान डोलावली. तो कोर्टात रोज तेच करतो. उपसंपादक म्हणाला, "आमचीही हिंदी चौकातली नसते, खडी बोलीच असते. छापायची भाषा अशीच राहते."

भाचा म्हणाला, "छापू नका, बोला तं खरं. मोबाइलवर रील पाहा, वऱ्हाडी धडाक्यात चालून राहिली."

आता मला राहवलं नाही. चालते, पण कशासाठी चालते? हसायसाठी. मालिकेत, नाटकात, रीलमध्ये वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो भोळसट असणार, आणि त्याच्या पहिल्याच वाक्याला हशा पडणार हे ठरलेलं. त्या बोलीला विनोद करायची मुभा आहे, बातमी सांगायची नाही. गाडगेबाबा त्याच बोलीत कीर्तन करत होते. हुंडा, कर्ज, दारू, अस्वच्छता, सगळं त्याच बोलीत सांगत होते, आणि हजारो माणसं ऐकत होती. तेव्हा ती बोली गंभीर गोष्टीला कमी पडली नाही. आपणच तिला तेवढी लायकीची समजलो नाही, असं मी म्हणालो. आणि मग इतकी वर्षं कट्ट्यावर न सांगितलेली गोष्ट सांगितली.

माझे वडील काटोलकडे संत्र्याची शेती करत होते. मी सातवीत असेन. आंबिया बहाराची फळं गळायला लागली, तेव्हा त्यांनी आकाशवाणीच्या शेतीच्या कार्यक्रमाला पत्र पाठवायचं ठरवलं. ते सांगणार, मी लिहिणार. ते म्हणाले, "लिही. झाडं हिरवीगार हायेत, पान एक पिवळं नाही. पन खाली पाहा तं फळाचा सडा पडेल हाय. दोन डाव फवारलं. आता मी थकलो. का करू थे सांगा." मी शहाणा विद्यार्थी. मी लिहिलं, "महोदय, आमच्या बागेत मोठ्या प्रमाणावर फळगळ होत आहे. कृपया योग्य उपाययोजना सुचवावी." अक्षर सुरेख काढलं.

पत्र रेडिओवर वाचलं गेलं. घरचे सगळे आणि शेजारचेही ऐकायला बसले होते. वडलांनी ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे माह्यं पत्र नाही," ते म्हणाले. "हिरवी झाडं कुठी गेली? दोन डाव फवारलं थे कुठी गेलं?" तज्ज्ञांनी उत्तर चांगलंच दिलं, पण सर्वसाधारण फळगळीचं. पाणी, खत, बुरशी, फवारणी. त्यांच्यापुढं पान हिरवं असल्याची गोष्ट गेलीच नव्हती, कारण ती मी गाळली होती. 'थकलो' पण गाळलं होतं. ते मला पत्रात लिहिण्यासारखं वाटलंच नाही.

मी भाषा शुद्ध केली आणि माहिती टाकून दिली. आज पेपरात 'शेतकरी हवालदिल' असं वाचतो तेव्हा मला ते पत्र आठवतं. तो शेतकरी वार्ताहराला काय बोलला असेल, आणि गावाहून शहरातल्या डेस्कपर्यंत येताना त्यातलं काय काय गळालं असेल? सगळा पेपर वऱ्हाडीत काढा असं माझं म्हणणं नाही, सरांचं प्रमाण भाषेचं म्हणणं मला पटतं. पण माणसाचं वाक्य अवतरणात येतं, ते तरी त्याचं ठेवा. रेडिओवर शेतकऱ्याचा आवाज लावता, तर त्याला 'मले' म्हणू द्या.

उपसंपादक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी तं दुहेरी गाळून राहिलो. वऱ्हाडीतून मराठी, मराठीतून हिंदी."

सरांनी पेपरचं आतलं पान काढलं आणि भाच्यापुढं धरलं. कळमना मार्केटमध्ये संत्र्याची आवक वाढल्यानं दर घसरल्याची बातमी होती. म्हणाले, "तुझ्या आजीला सांगशील तशी सांग बरं ही."

भाचा आधी लाजला. मग सांगायला लागला. "आजी, कळमन्यात संत्रा लय येऊन राहिला वं, म्हून भाव पडला. गाड्या रातपासून उभ्या हायेत. व्यापारी म्हनते माल लहान हाय..." 'म्हून'वर सरांचं बोट सवयीनं वर झालं, आणि त्यांनी ते खाली घेतलं.

ठेलेवाल्या भाऊनं रेडिओचा आवाज बारीक केला. गाळणी हातात तशीच धरून तो पुढं आला.

"भाव किती म्हनला बे?"