ऑक्सिजनचं ऑडिट झालं, ओटीतल्या हवेचं कधी?

21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला आणि रुग्ण दगावले. तेव्हापासून आपल्याकडे रुग्णालयाची सुरक्षा म्हटलं की ऑक्सिजन ऑडिट नाहीतर फायर ऑडिट. ब्रिटनमधून हे वाचताना खटकतं ते एवढंच, की दिवसभर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभ्या असणाऱ्या सिस्टर, टेक्निशियन आणि मावशींच्या छातीत काय जातं, हे कुठल्याच यादीत नाही.

सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन या भूल देण्याच्या गॅसने कर्मचाऱ्याला दमा लागणं दुर्मीळ, पण तशा केसेस नोंदलेल्या आहेत. हीच औषधं रुग्णाची श्वासनळी सैल करतात, त्यामुळे संशय चटकन येत नाही. नाशिकची थंडी आणि द्राक्षबागांची फवारणी तर खापर फोडायला तयारच! मात्र गॅसला दोषी धरण्याआधी उपकरणं निर्जंतुक करण्याच्या ग्लुटारल्डिहाइडचा ट्रे, पावडरचे लेटेक्स हातमोजे आणि खोली निर्जंतुक करायला केलेलं फॉर्मलिनचं फॉगिंग तपासा. दम्यासाठी पहिला संशय त्यांच्यावरच घ्यावा.

निदानाला पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजणारं छोटं यंत्र) आणि वही लागते. दिवसातून किमान चार वेळा, दर वेळी तीन फुंका, त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. असं चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. मध्येच इन्हेलरचा डोस बदलला की तुलना बिघडते. ड्युटीवर आकडा घसरतो आणि रजेत सावरतो, तर छातीच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं.

गॅस गळतो कुठून? लहान मुलांना भूल देताना वापरायच्या जेआर सर्किटची (नळी आणि बॅगची जोडणी) बॅग शेपटीकडे उघडी असते. मास्क नीट बसत नाही. व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारं यंत्र) भरताना औषध सांडतं. मास्क काढला तरी त्याचा डायल चालूच राहतो. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. खिडकीबाहेर सोडलेली स्कॅव्हेंजिंगची (वाया जाणारा गॅस बाहेर नेणारी) नळी वाऱ्याने उलटा दाब देते, आणि ती दुमडली तर दाब थेट रुग्णाच्या फुप्फुसावर. गॅस शोषायला लावलेला कोळशाचा डबा सेव्होफ्लुरेन शोषतो, पण नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा दुसरा गॅस त्यातून तसाच निघून जातो. ऑपरेशननंतर रिकव्हरी रूममध्ये रुग्ण गॅस उच्छ्वासातून सोडत असतो, आणि सिस्टर नेमकी त्याच्या तोंडाशी वाकलेली.

साहेबाच्या देशातही सगळं आलबेल नाही. कामावरच्या घातक पदार्थांबाबतचे कॉश नियम मालकावर जबाबदारी टाकतात, पण इथली आयसोफ्लुरेनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने 50 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग). अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने असल्या गॅसांसाठी सुचवलेली कमाल फक्त 2. 2022-23 मध्ये इंग्लंडच्या काही प्रसूतिगृहांना नायट्रसचं प्रमाण जास्त आढळल्याने एन्टोनॉक्स (कळा सोसायला दिलं जाणारं नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचं मिश्रण) थांबवावा लागला. तरी कुणीतरी हवा मोजली म्हणून ते कळलं, आणि उसनी घ्यायची तर हीच सवय घ्यावी.

सिंहस्थासाठी नाशकात नव्या ओटी बांधल्या जाणार असतील, तर स्कॅव्हेंजिंगची लाइन आणि ताज्या हवेचा डक्ट निविदेतच लिहा. नंतर बसवायचं म्हटलं की फॉल्स सीलिंग फोडावं लागतं.